टर्निजी ९एक्सवर ईआर९एक्स: सहा तारा जोडण्याइतकं मोल आहे का?

टर्निजी ९एक्स, म्हणजेच फ्लायस्कायचा टीएच९एक्स, हा मॉडेल विमानं उडवण्याचा स्वस्त रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट. पण त्याच्या पोटात जे आहे ते कमी नाही: चार अक्षांच्या स्टिक, तीन नॉब, सात स्विच (त्यातला एक तीन स्थितींचा, एक ट्रेनरचा), १२८ बाय ६४ ठिपक्यांचा पडदा, मागे बदलता येणारं, लहरी पाठवणारं मॉड्यूल आणि आठ चॅनल (प्रत्येक चॅनल एका सर्व्होला, म्हणजे विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरला, आदेश देतो). कमी पडतं ते मूळ फर्मवेअर, म्हणजे रेडिओच्या चिपमधला प्रोग्राम. मिक्स (कोणत्या स्टिकचा आदेश कोणत्या चॅनलला किती जावा याचे नियम) मोजके आणि साच्यातले, जतन करता येणारी मॉडेलं फक्त आठ, आणि प्रत्येक बटणाला कर्कश बीप. ईआर९एक्स हे मुक्त फर्मवेअर नेमकं हेच दुखणं बरं करतं. सोल्डरिंग आयर्न हातात स्थिर राहत असेल तर हा बदल जरूर करावा. ज्याने आजवर कधीच सोल्डर केलं नाही, त्याने मात्र याच रेडिओवर पहिला हात चालवू नये.

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या. मूळ फर्मवेअर चिपमध्ये कुलूपबंद असतं, ते वाचून जतन करता येत नाही. नवं चढवलं की परतीचा रस्ता बंद.

आतली चिप एटीमेगा६४ए आहे: ६४ केबी फ्लॅश (फर्मवेअरची जागा), ४ केबी रॅम, २ केबी ईईप्रॉम (सेटिंग जपणारी मेमरी). बहुतेकांची फसगत इथेच होते. याच एव्हीआर घराण्यातल्या बाकीच्या चिपांची सवय असलेला माणूस मोसी आणि मिसो (माहिती आत नेणारी आणि बाहेर आणणारी) या नावांच्या पिना शोधून तिथे तारा जोडतो, आणि चिप उत्तर देत नाही. एटीमेगा६४ मध्ये प्रोग्रामिंगची ही दोन टोकं पीई० (पिन २) आणि पीई१ (पिन ३) वर असतात. म्हणून यूएसबीएएसपी प्रोग्रामरची (संगणकावरून चिपमध्ये फर्मवेअर चढवणाऱ्या छोट्या उपकरणाची) मोसी तार पिन २ ला, मिसो ३ ला, एससीके (क्लॉकची तार) ११ ला, रीसेट २० ला, ५ व्होल्ट २१ ला आणि ग्राउंड २२ ला जायला हवी. पिनेवर थेट सोल्डर करू नका. पाय इतके जवळ आहेत की थेंबभर टिन दोघांना जोडतं. त्या पिनेच्या ट्रॅकवर बोर्डावर जो गोल चाचणी-ठिपका असतो तो गाठा, मल्टिमीटरच्या बीपने पिनेपर्यंत खात्री करा, फ्लक्स लावा आणि ३० गेजची बारीक तार टेकवून आयर्न लगेच उचला. ठिपक्यावर आयर्न रेंगाळलं तर तो बोर्डापासून सुटतो. सोल्डर झाल्यावर शेजारच्या तारा एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हेही मल्टिमीटरने बघा. तारा १५ सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका. शेवटी थोडा गरम गोंद लावा, म्हणजे केसचे दोन अर्धे भाग बंद करताना ओढ सोल्डरवर येणार नाही.

कवच उघडण्याआधी बॅटरी काढा, रेडिओ मॉड्यूल काढा. फर्मवेअर चढवताना बोर्डाला वीज प्रोग्रामरकडूनच मिळते. त्याचा जंपर ५ व्होल्टवर असावा, आणि त्या वेळी बॅटरी अजिबात जोडलेली नसावी.

पीई० आणि पीई१ या दोन पिनांवरच एलरॉन ड्युअल रेट (पंखावरच्या पट्ट्यांची हालचाल कमी-जास्त करणारा) आणि थ्रॉटल कट (मोटर बंद करणारा) हे दोन स्विचही बसवलेले आहेत. स्विच चालू असला की पिन ग्राउंडला ओढली जाते आणि प्रोग्रामरला काही ऐकू येत नाही. सगळे स्विच बंद ठेवूनच सुरुवात करा. ‘टार्गेट डझन्ट आन्सर’ अशी चूक आली तर पहिला संशय या स्विचांवर, मग रीसेटच्या तारेवर. चिपची ओळख १ई ९६ ०२ अशी आली की जोडणी बरोबर आहे. सगळी शून्यं आली तर तार सुटलेली आहे किंवा अदलाबदल झाली आहे. ‘कॅनॉट सेट एससीके पीरियड’ ही सूचना मात्र निरुपद्रवी आहे, तिच्यापायी प्रोग्रामर फेकून देऊ नका. फ्यूजना, म्हणजे चिपच्या आतल्या मूलभूत सेटिंगना, हात लावू नका. चुकीचा फ्यूज बसला तर चिप प्रोग्रामरला जुमानत नाही.

फाइल निवडतानाही तेच दोन स्विच आडवे येतात. फ्रस्काय कंपनीच्या टेलिमेट्रीवाली (विमानाकडून परत येणारी माहिती दाखवणारी) आवृत्ती पीई० आणि पीई१ सीरियलसाठी घेते. दोन्ही स्विचच्या तारा पीसी६ आणि पीसी७ कडे वळवल्या नाहीत तर ते स्विच निकामी होतात. टेलिमेट्री लागत नसेल तर साधी फाइल घ्या.

पहिल्यांदा चालू केल्यावर ईईप्रॉम खराब असल्याची तक्रार येते. जुन्या माहितीची मांडणी वेगळी असते, म्हणून ती येणारच. फॉरमॅट होऊ द्या. मग डावं बटण दाबून धरा आणि रेडिओ सेटअपच्या शेवटच्या पानावर कॅलिब्रेशन करा, म्हणजे स्टिकचा मध्य आणि टोकं रेडिओला शिकवा: स्टिक मध्यावर, मेन्यू, सगळ्या स्टिक आणि नॉब टोकापर्यंत, पुन्हा मेन्यू. हे टाळलं तर मध्यबिंदू सरकलेला राहतो आणि लोक सर्व्होला दोष देतात. बॅटरीचा आकडा मल्टिमीटरशी ताडून त्याच सेटअपमध्ये दुरुस्त करता येतो. तीन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) वापरत असाल तर इशारा १०.५ व्होल्टवर ठेवा.

आता खरी मेजवानी. उजवं बटण दाबून धरलं की मॉडेलची पानं येतात. ३२ मिक्स, आठ पाच-बिंदू आणि आठ नऊ-बिंदू वक्र, आणि कोणताही स्रोत कोणत्याही चॅनलला. विमान की हेलिकॉप्टर हा प्रश्नच उरत नाही. डेल्टा पंखासाठी (जिथे त्याच दोन पट्ट्या एलरॉनचं आणि एलिव्हेटरचं, म्हणजे नाक वर-खाली करण्याचं, काम करतात) चॅनल १ वर एलरॉन ६० आणि एलिव्हेटर ४०, चॅनल २ वर एलरॉन उणे ६० आणि एलिव्हेटर ४०. दोन्ही १०० ठेवले तर स्टिक कोपऱ्यात नेल्यावर बेरीज मर्यादेबाहेर जाते, वरचा भाग कापला जातो आणि ऐन वळणात एक पंख ऐकेनासा होतो. थ्रॉटल कटसाठी मिक्स रचत बसू नका. सेफ्टी स्विचच्या पानावर चॅनल ३ ला थ्रॉटल स्विच आणि उणे १०० द्या. तपासताना प्रॉपेलर काढलेला हवा, यात तडजोड नाही.

सोळा मॉडेलांची जागा असली तरी २ केबी ईईप्रॉम गुंतागुंतीच्या मॉडेलांनी त्याआधीच भरू शकतं. म्हणून ईईपे या संगणकावरच्या प्रोग्रामने सेटिंगची प्रत काढून ठेवा, आणि जुनी मॉडेलं रेडिओवरून हटवा.

पल्ला या बदलाने एक मीटरही वाढत नाही, कारण लहरी पाठवणारं मॉड्यूल तेच राहतं. पल्ला किंवा टेलिमेट्री हवी असेल तर मॉड्यूल बदला. तेव्हा मॉडेलच्या पहिल्या पानावर पीपीएम (मॉड्यूलकडे आदेश पाठवण्याची पद्धत), ८ चॅनल, ३०० मायक्रोसेकंद ही मूळ निवड तशीच असल्याची खात्री करा. ती बदललेली असेल तर रिसीव्हर जोडला जाऊनही सर्व्हो हलत नाहीत.