एमडी, टेक्सास की डीओ : कुठलं थांबणं परवडेल?

मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात, चहाच्या रांगेत, एका मैत्रिणीनं मला बाजूला घेतलं. तिची लेक कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या उन्हाळ्यात मेडिकलचे अर्ज भरायचे आहेत. अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या पदव्या दोन, एमडी आणि डीओ. बेत घरात ठरलेला होता: "आधी एमडीचे अर्ज टाकू. डिसेंबरपर्यंत इंटरव्ह्यू नाहीच आले, तर मग डीओचं बघू."

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातही शब्दन् शब्द हाच बेत होता. आम्ही तो अगदी ऐन वेळी बदलला. बदलला नसता तर काय झालं असतं हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

अमेरिकेत मेडिकलचे अर्ज घेणारी खाती तीन. एमडीसाठी ॲमकास, डीओसाठी ॲकोमास, आणि टेक्सासच्या बहुतेक कॉलेजांसाठी त्यांचं स्वतंत्र टीएमडीएसएएस. तिन्हीकडे एमकॅट ही प्रवेशपरीक्षा एकच, शिफारसपत्रं तीच, निबंधही थोड्याफार फरकानं तेच. खरा फरक आहे तो थांबण्यात. कुठे किती महिने थांबायचं, पदरचे किती पैसे अडकवून थांबायचं, आणि पलीकडून काहीच कळत नसेल तर कोणत्या तारखेपासून त्याला नकार समजायचं. आमची लेक न्यू जर्सीतून एमडी आणि डीओ दोन्हीकडे होती, माझी भाची त्याच वर्षी ह्यूस्टनजवळून टेक्सासमध्ये. त्यामुळे तिन्ही प्रकारची घालमेल मी एकाच हिवाळ्यात पाहिली.

साताऱ्याच्या आत्याबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. दर पंधरा दिवसांनी फोन: "निकाल लागला का? कटऑफ किती लागला?" नीटच्या मुलांना निदान एक आकडा मिळतो, एक यादी लागते, कॅप राउंडच्या तारखा लागतात. इथे निकालाचा दिवसच नसतो. प्रत्येक कॉलेज आपल्या सवडीनं, प्रत्येक मुलाला वेगळं कळवतं, आणि काही कॉलेजं कळवतच नाहीत.

आधी एमडी. अर्ज मे महिन्यात उघडतो, मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला दाखल करता येतो आणि जूनच्या अखेरीला कॉलेजांकडे जातो. मग जुलै-ऑगस्टमध्ये सेकंडरींचा पाऊस: प्रत्येक कॉलेजचे वेगळे प्रश्न, वेगळे निबंध, वेगळी फी. पहिल्या कॉलेजला साधारण 175 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 46-47 आणि सेकंडरीचे बहुधा शंभराच्या आगेमागे. सरासरी अर्जदार अठराएक कॉलेजांना अर्ज करतो. हिशोब करून बघा, एकही इंटरव्ह्यू यायच्या आधी अडीच हजारांच्या वर जातात. उत्पन्न कमी असेल तर फी-सवलतीची योजना आहे, तिचा अर्ज आधी करून ठेवावा लागतो.

अलीकडच्या वर्षांत साधारण 52 हजार मुलं अर्ज करतात आणि 23 हजारांच्या आसपास प्रवेश घेतात. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना त्या वर्षी कुठेच जागा नाही. हे सुरुवातीलाच घरात मोठ्यानं बोलून घ्या. आम्ही बोललो नव्हतो, आणि पहिला नकार आला तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं.

इंटरव्ह्यू साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालतात. 15 ऑक्टोबरच्या आधी कॉलेजांना नेहमीच्या अर्जदारांना प्रवेश देता येत नाही, म्हणून त्या दिवशी सकाळपासून सगळ्यांचे फोन हातात. पण त्या तारखेला फारसा अर्थ नाही, कारण बहुतेक मुलांचे इंटरव्ह्यू तोवर झालेलेच नसतात. सगळ्यात वाईट काळ ऑक्टोबर ते जानेवारी. पोर्टलवर एकच ओळ: "अर्ज विचाराधीन". ती ओळ ऑगस्टमध्ये जशी होती तशीच डिसेंबरात. कॉलेजनं अर्ज वाचला आहे की नाही, वाचून बाजूला ठेवला आहे की ढिगाऱ्यात तळाशी आहे, काही कळायला मार्ग नाही.

आमच्याकडे झालेली एक फजिती सांगते. लेक तेव्हा एका दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी टायपायचं काम करायची. संध्याकाळी सातला घरी यायची, फोन मिसळणाच्या डब्याशेजारी उपडा ठेवायची आणि जेवण होईपर्यंत हात लावायची नाही. ऑक्टोबरात एका रविवारी कुठल्याशा बुटांच्या सवलतीचं कूपन शोधताना तिला जीमेलच्या जाहिरातींच्या कप्प्यात इंटरव्ह्यूचं आमंत्रण सापडलं. चार दिवस जुनं. तारीख निवडायला गेली तर नोव्हेंबर-डिसेंबर भरलेले, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली एक तारीख शिल्लक. जागा भरत जातात तसतशी उशिराच्या इंटरव्ह्यूची किंमत उतरत जाते. तेव्हा ज्या कॉलेजांना अर्ज केला त्यांचे पत्ते आधीच जीमेलच्या फिल्टरमध्ये घालून ठेवा. आम्ही ते दुसऱ्या दिवशी केलं.

आता टेक्सास. तिथले रहिवासी असाल तर विचार करत बसू नका. राज्याच्या मेडिकल कॉलेजांना किमान 90 टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांनाच द्याव्या लागतात आणि सरकारी कॉलेजची वर्षाची फी वीस हजार डॉलरच्या आसपास असते. इतर राज्यांत खासगी कॉलेजला साठ-सत्तर हजार सहज लागतात. अर्जाची फी एकदाच, मग दोन कॉलेजं निवडा की बारा. डॅलस, गॅल्व्हस्टन, सॅन अँटोनियो, लबक, ह्यूस्टनचं बेलर, सगळी याच खात्यात. फोर्ट वर्थचं डीओ कॉलेजसुद्धा याच अर्जातून.

पण मला टेक्सासचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिथल्या थांबण्याला शेवट आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून रहिवाशांना कॉलेजं थेट प्रवेश देऊ शकतात, त्याला प्री-मॅच म्हणतात. तो नाही आला तरी हिवाळ्याच्या शेवटाला मुलांनी इंटरव्ह्यू दिलेल्या कॉलेजांचा पसंतीक्रम लावायचा, कॉलेजंही आपला क्रम लावतात, आणि फेब्रुवारीच्या मध्याला एका सकाळी जोड्या जाहीर होतात, हीच मॅच. प्री-मॅच हातात असली तरी वर लिहिलेलं कॉलेज जुळलं तर ते मिळतं. आपल्याकडच्या कॅप राउंडच्या पसंतीक्रमाची सवय असलेल्या आईबापांना हे एका मिनिटात समजतं. माझ्या भाचीला एकही प्री-मॅच आली नव्हती. बहिणीनं जानेवारीभर देव पाण्यात ठेवले होते. पण निदान त्या घराला तारीख माहीत होती. भाची म्हणायची, "मावशी, त्या दिवशी हो किंवा नाही, काहीतरी कळेल ना!" आमच्या लेकीला असं म्हणताच येत नव्हतं. भाचीला त्या सकाळी तिच्या तिसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं.

बाहेरच्या राज्यातून टेक्सासला अर्ज? उरलेल्या दहा टक्क्यांत देशभरातली मुलं झगडतात. एमकॅट फारच वरचा असेल किंवा तिथे काही खरं नातं असेल तरच. आम्ही नाही केला, पश्चात्ताप नाही.

डीओबद्दल आपल्या लोकांत अजूनही नाक मुरडलं जातं, म्हणून दोन वाक्यं. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. 1892 मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला त्याचं पहिलं कॉलेज निघालं. आज हे पूर्ण परवान्याचे डॉक्टर आहेत, औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात, आणि 2020 पासून रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, मान्यतेची व्यवस्थाही एमडी-डीओंची एकच झाली आहे. न्यू जर्सीत तर रोवन विद्यापीठाकडे एमडीचंही कॉलेज आहे आणि डीओचंही. मात्र त्वचारोग, न्यूरोसर्जरी, ऑर्थोपेडिक्स असल्या चढाओढीच्या शाखांत डीओच्या मुलांना जास्त झगडावं लागतं. लेकीला पहिल्यापासून मेंदूची शस्त्रक्रियाच करायची असेल तर ते मनात ठेवा. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग, यासाठी मी तरी खुशाल डीओ म्हणेन.

थांबण्याच्या बाबतीत डीओ एमडीच्या बरोबर उलट आहे. इंटरव्ह्यूचा हंगाम लांबतो, पार एप्रिलपर्यंत. पण इंटरव्ह्यू झाला की उत्तर बरेचदा दोन-तीन आठवड्यांत. फक्त त्या उत्तराला किंमत असते, आणि ती शब्दशः. एमडीची कॉलेजं जागा राखायला साधारण शंभर डॉलर घेतात आणि 30 एप्रिलपर्यंत ते परत मिळतात. डीओची अनामत हजार, दीड हजार, दोन हजार, आणि ती बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. वर भरायची मुदतही नेमकी अशी की एमडीवाल्यांनी तोवर तोंड उघडलेलं नसतं.

आमच्याकडे दीड हजार भरायचे होते, डिसेंबरच्या मध्यापर्यंत. एका एमडी कॉलेजचा इंटरव्ह्यू होऊन सात आठवडे झालेले, तिकडे चिडीचूप. नवरा म्हणाला, हा जुगार आहे. मी म्हटलं, विमा आहे. रात्री अकराला, मुदत संपायला एक तास असताना भरले. मार्चमध्ये एमडीचा होकार आला आणि ते दीड हजार बुडाले. मला एका सेंटचंही वाईट वाटलं नाही. त्या तीन महिन्यांत लेक रात्री झोपत होती.

म्हणून मैत्रिणीला म्हटलं, डिसेंबरात डीओचं बघू हा बेत सोड. डीओची कॉलेजंही जागा भरत भरतच पुढे जातात. जूनमध्ये अर्ज केलेल्या मुलांचे इंटरव्ह्यू सप्टेंबरात होतात. डिसेंबरात जागे झालात तर अर्ज तपासून कॉलेजकडे पोचेपर्यंत जानेवारी, सेकंडरी होईपर्यंत फेब्रुवारी, आणि मग रिकाम्या ताटाशी बसायचं. नकारांची वाट बघून दुसरा दरवाजा ठोठवायचा हा हिशोबच इथे बसत नाही, कारण एमडीचा नकार वेळेवर येतच नाही. जूनमध्येच चार-सहा डीओ कॉलेजं टाका. सेकंडरीचे निबंध तेव्हाच हाताशी असतात.

मग शांततेला नकार कधी समजायचं? टेक्सासमध्ये जानेवारीपर्यंत इंटरव्ह्यू नसेल तर जवळजवळ संपलं, मॅचनंतर क्वचितच काही हलतं. डीओला मी मार्चअखेर धरेन. एमडीला नियम म्हणून मार्चपर्यंत आशा असते, पण माझं मत, नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग. त्या दिवसापर्यंत एकही इंटरव्ह्यू नसेल तर आशा सोडू नका, पण पुढच्या वर्षाची तयारी उघडपणे सुरू करा. याचं कारण भावनिक नाही, एमकॅट आहे. परीक्षा जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत होते, गुण यायला महिना लागतो, आणि जूनच्या अर्जासाठी नवे गुण हवे असतील तर जानेवारी ते एप्रिलमधली तारीख गाठावी लागते. त्यासाठी अभ्यास डिसेंबरात सुरू व्हायला हवा. मार्चपर्यंत पोर्टल रिफ्रेश करत बसलात तर पुढचं वर्षही उशिरानं सुरू होतं. शिवाय एमकॅट आयुष्यात सातदाच देता येते, तेव्हा उगाच हात साफ करायला बसायची परीक्षा नव्हे.

वेटलिस्ट हे वेगळंच भिजत घोंगडं. 30 एप्रिलला मुलांना एकच कॉलेज ठेवून बाकीची सोडावी लागतात, मग मे-जूनमध्ये यादी हलते, कधी कधी वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यापर्यंत. नेमका तेव्हाच पुढच्या वर्षाचा अर्ज उघडलेला असतो. वेटलिस्टवर असाल तर दोन्ही करा, पत्रही पाठवा आणि नवा अर्जही भरा. कॉलेजला पत्र एकदाच, काही नवं सांगण्यासारखं असेल तेव्हा. दर आठवड्याला विचारपूस केलेली कोणालाच आवडत नाही.

एच-4 वरच्या, म्हणजे आईबापांच्या एच-1बी व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांच्या घरांनी मात्र हे सगळं वाचायच्या आधी कॉलेजांची यादी तपासावी. बरीच मेडिकल कॉलेजं फक्त नागरिकांचे आणि ग्रीनकार्डधारकांचे अर्ज घेतात, आणि जी इतरांचे घेतात त्यांतली काही फीची रक्कम आगाऊ दाखवायला किंवा बाजूला काढून ठेवायला सांगतात. 21 पूर्ण झाल्यावर व्हिसाचं काय, हा प्रश्न एमकॅटच्या आधी वकिलाला विचारा. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं अठरा सेकंडरी भरल्यावर यादी पाहिली. त्यातल्या अकरा कॉलेजांची फी वाया गेली.

मैत्रिणीला मी आमची एक्सेल शीट पाठवली आहे. कॉलेज, फी, सेकंडरी कधी पाठवली, इंटरव्ह्यू, उत्तर असे साधे रकाने. शेवटचा रकाना लेकीनं नोव्हेंबरात जोडला होता: "या तारखेनंतर वाट बघायची नाही." बावीस ओळींपैकी सतरांत नकाराची तारीख आहे, दोघांत वेटलिस्ट, दोघांत होकार. बाविसाव्या ओळीत उत्तराचा रकाना अजून कोरा आहे. लेक आता दुसऱ्या वर्षाला गेली.