वाढत्या स्ट्रिंगसाठी एसडीएस लायब्ररी: काही महिने वापरल्यानंतर

सी भाषेत स्ट्रिंगला (म्हणजे मजकुराला) स्वतःची लांबी ठाऊक नसते आणि बफरमध्ये, म्हणजे तिच्यासाठी राखलेल्या मेमरीत, किती जागा उरली हेही ठाऊक नसतं. दोन्ही हिशोब आपल्याच माथी. आमच्या प्रोग्रॅममध्ये नेटवर्कवरून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो, तो जोडून उत्तर तयार करायचं असतं. कुठला तुकडा केवढा येईल याचा नेम नाही. ठरावीक मापाचा अ‍ॅरे त्यामुळे बाद झाला, आणि प्रत्येक ठिकाणी हाताने रिअ‍ॅलॉक (घेतलेल्या मेमरीचं माप बदलणारं फंक्शन) लिहायचं जिवावर आलं, म्हणून एसडीएस (सिंपल डायनॅमिक स्ट्रिंग्ज) घेतली. ही मूळची रेडिस या डेटाबेसमधली, साल्वातोरे सानफिलिपो यांची लायब्ररी. ती सुटीही मिळते. एक सी फाइल आणि तिच्या हेडर फाइली प्रोजेक्टमध्ये टाकल्या की काम सुरू.

हिची खरी गंमत पॉइंटरमध्ये, म्हणजे मेमरीतला पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, आहे. लांबी, एकूण जागा आणि एक फ्लॅग बाइट असं छोटं हेडर मजकुराच्या आधी बसतं, पण आपल्या हातात येणारा पॉइंटर थेट पहिल्या अक्षरावर असतो. त्यामुळे प्रिंटएफ, एफओपन, स्ट्रकॉम्प अशा सी च्या नेहमीच्या फंक्शनांत सगळीकडे तो जसाच्या तसा चालतो. लांबीसाठी शेवटपर्यंत मोजत जावं लागत नाही, आणि मजकुरात मध्येच शून्य बाइट आला तरी लांबी चुकत नाही. दुसऱ्या आवृत्तीपासून हेडर स्ट्रिंगच्या मापाप्रमाणे बदलतं; २५५ बाइटपर्यंतच्या, वाढू शकणाऱ्या स्ट्रिंगला ते फक्त ३ बाइटचं असतं.

जागा संपली की लायब्ररी नेमकी लागेल तेवढीच मागत नाही. ३०० बाइटच्या भरलेल्या स्ट्रिंगला १०० बाइट जोडले तर ८०० बाइटची सोय करून ठेवते. दुपटीचा हा हिशोब १ एमबीपर्यंत, त्यापुढे दर वेळी १ एमबी जादा. सोळा-सोळा बाइट जोडत १ एमबी गाठायची असेल आणि प्रत्येक वेळी नेमकी तेवढीच जागा वाढवली, तर रिअ‍ॅलॉक ६५,५३६ वेळा होतो. इथे तो वीसच्या आत आटोपतो. शेकडो एमबीचं काम असेल तर मात्र आधीच लायब्ररीच्या एसडीएसमेकरूमफॉर या फंक्शनने जागा राखून ठेवलेली बरी.

याच फंक्शनचा मला सर्वात आवडलेला उपयोग सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) वाचण्याचा. आधी जागा करून घ्यायची, रीड कॉल थेट स्ट्रिंगच्या शेपटाशी लिहू द्यायचा आणि जितके बाइट आले तितकी लांबी एसडीएसइन्क्रलेनने पुढे सरकवायची. मधला तात्पुरता बफर नाही आणि कॉपीही नाही. एवढ्यासाठी लायब्ररी घेतली तरी पैसे वसूल (ती फुकट आहे, हा भाग वेगळा).

आता जपण्याच्या गोष्टी. जोडणारं फंक्शन नवा पॉइंटर परत देतं आणि तो पकडावाच लागतो:

ओळ = एसडीएसकॅट(ओळ, तुकडा);

डावीकडचं ‘ओळ =’ विसरलं तरी कोड बिनबोभाट कंपाइल होतो. जागा शिल्लक असेपर्यंत चालतोही. छोट्या मजकुराच्या टेस्ट सगळ्या पास होतात, आणि एके दिवशी मोठा मजकूर आला की जुना पॉइंटर फ्री झालेल्या (परत केलेल्या) मेमरीकडे बोट दाखवत बसतो. लायब्ररीच्या माहितीपत्रकात हा तोटा उघड लिहिलेला आहे, लपवाछपवी नाही. आम्ही हेडर फाइलमध्ये या फंक्शनांना वॉर्न अनयूज्ड रिझल्ट हे, परत आलेलं मूल्य न वापरल्यास इशारा द्यायला लावणारं अ‍ॅट्रिब्यूट लावलं. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर लगेच ओरडतात. स्ट्रिंग स्वतःलाच जोडणंही असंच फसवं. आत आधी जागा वाढते आणि मग कॉपी होते, तोवर जोडायच्या मजकुराचा म्हणून दिलेला तोच पॉइंटर शिळा (जुन्या पत्त्याचा) झालेला असू शकतो. शिवाय कंपायलरच्या दृष्टीने हा साधा कॅर (अक्षराचा) पॉइंटरच, त्यामुळे एसडीएसफ्रीच्या जागी साधं फ्री लिहिलं तरी तो गप्प राहतो.

टेस्ट अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावूनच चालवा. त्याचा रिअ‍ॅलॉक ब्लॉक नेहमी नव्या जागी हलवतो, म्हणून शिळे पॉइंटर पटकन सापडतात. पण लांबीच्या पुढच्या राखीव जागेतलं वाचन त्याला चूक वाटत नाही, कारण ती जागा रीतसर आपलीच असते. त्यासाठी टेस्टच्या बिल्डमध्ये जादा जागा एसडीएसरिमूव्हफ्रीस्पेसने कापून टाकायची.

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधला स्ट्रबफ हा स्ट्रिंगचा प्रकार उलट वाटेने जातो. तिथे स्ट्रक्चरचा पत्ता द्यायचा असतो, त्यामुळे आतला बफर कुठेही हलला तरी स्ट्रक्चर जागेवरच. छापताना दर वेळी आतलं फील्ड लिहावं लागतं, इतकाच जाच. एकच स्ट्रिंग चार ठिकाणी धरून ठेवायची असेल तर मला तीच रचना पटते, म्हणून तशा जागी आम्ही एसडीएस एका स्ट्रक्चरच्या आत ठेवून त्या स्ट्रक्चरचाच पॉइंटर फिरवतो. एका फंक्शनमध्ये बांधायची, पाठवायची आणि सोडून द्यायची अशा स्ट्रिंगला एसडीएस उघडीच वापरतो. जो मजकूर कधी बदलतच नाही त्याला साधा कॉन्स्ट कॅर पॉइंटर पुरतो, तिथे ती आणलेलीच नाही.