घरासाठी स्वस्तातला आठ पोर्टचा स्विच: वर्षभराच्या आतबाहेर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ हा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (म्हणजे एका लॅन केबलवर अनेक यंत्रं जोडून देणारा डबा; गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस) गेल्या पावसाळ्यापासून घरात चोवीस तास चालू आहे, आणि तो बंद करून पुन्हा चालू करायची वेळ अजून आलेली नाही. पत्र्याची बॉडी, आत पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही. सेटिंग नावाचा प्रकारच नाही; केबल खोचा आणि विसरून जा. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच. बाकीचं जे लिहितोय ते केबलबद्दल, अडॅप्टरबद्दल आणि थोडं आमच्या घरच्यांबद्दल.

घर पुण्यात, कर्वेनगरात, इमारत जुनी, भिंती जाड. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे आणि माझं टेबल पार आतल्या खोलीत. तिथे वायफायचे दोन दांडे मिळाले तरी नशीब. बिल्डरने भिंतीतून एक लॅन केबल टाकून ठेवलेली होती, पण एकाच केबलवर ऑफिसचा लॅपटॉप, मुलीचा डेस्कटॉप, प्रिंटर आणि फोटो साठवायचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्क) असे चार जण कसे बसणार? म्हणून स्विच.

तपकीर गल्लीत, म्हणजे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी केली तेव्हा दुकानदार म्हणाला, "घरात कशाला हवंय गिगाबिट? शंभर एमबीपीएसचा न्या, पाचशे रुपयांत काम होईल." आपला प्लॅन ५०-६० एमबीपीएसचा असेल आणि फक्त इंटरनेटच वापरायचं असेल तर त्याचं म्हणणं अगदी खोटं नाही. पण आमचा प्लॅन २०० चा, आणि वर नॅस. स्विचवरच्या दोन यंत्रांमधली फाइल राउटरकडे जातच नाही, परस्पर जाते, त्यामुळे तिथे प्लॅनचा नाही, स्विचचा वेग मोजायचा. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट; म्हणून शंभरच्या स्विचवर फाइल सेकंदाला साधारण ११ एमबीने (मेगाबाइटने) जाते, गिगाबिटवर ११० च्या आसपास. लग्नाच्या व्हिडिओचं ५० जीबीचं फोल्डर एकीकडे सव्वा तास, दुसरीकडे आठ मिनिटं. पाच पोर्टचा गिगाबिट हजाराच्या आसपास मिळतो, आठचा दीड हजाराच्या. त्यातला एक पोर्ट राउटरकडून येणाऱ्या केबललाच जातो, म्हणजे पाचात हाती चारच. आठचाच घ्या.

जोडल्यावर मात्र भिंतीतून येणाऱ्या केबलचा दिवा पिवळा. या स्विचवर गिगाबिट जुळलं की दिवा हिरवा असतो, १० किंवा १०० वर जुळलं की पिवळा. स्पीड टेस्ट केली तर आकडा ९४ वर जाऊन अडकला. हा ९४-९५ चा आकडा ओळखीचा करून घ्या. प्लॅन मोठा असून तो तिथेच ठाण मांडून बसला, तर मधे कुठेतरी शंभरचा जोड आहे असं खुशाल समजा आणि नेटवाल्याशी भांडायच्या आधी घरात शोधा.

शोध हॉलमधल्या सॉकेटपाशी संपला. प्लेट काढली तर आत केशरी आणि हिरवी जोडी लॅनच्या जॅकला, निळी जोडी शेजारच्या टेलिफोनच्या पॉइंटला, आणि तपकिरी जोडी कापून मागे दुमडलेली. एका केबलमध्ये दोन कामं उरकली होती. शंभरच्या वेगाला दोनच जोड्या लागतात, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. गिगाबिटला चारही लागतात. लँडलाइन कधीच बंद झालेली होती. इलेक्ट्रिशियनने दोन्ही टोकांना नवे जॅक बसवून आठही तारा एकाच रंगक्रमाने जॅकमध्ये दाबून बसवल्या आणि दिवा हिरवा झाला. केबल जुन्या कॅट ५ई प्रतीची आहे, वरच्या कॅट ६ प्रतीची नाही, पण १०० मीटरपर्यंत गिगाबिटला तीही पुरते. भिंत फोडायची गरज पडली नाही. प्रिंटरचा दिवा अजूनही पिवळाच आहे आणि तसाच राहणार, कारण त्याचं पोर्टच शंभरचं आहे. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचंही तसंच असतं, आणि फोर-के सिनेमाला तेवढं भरपूर होतं.

पॅच कॉर्ड, म्हणजे यंत्र स्विचला जोडायची तयार केबल, घेताना फसवणूक होते ती तांब्याच्या नावावर. बाजारात स्वस्त केबल मिळते तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, पाकिटावर बारीक अक्षरात सीसीए असं लिहिलेलं. नीट वाचून शुद्ध तांब्याची घ्या. शंभर-दीडशे रुपयांच्या फरकापायी दीड हजाराच्या स्विचला कशाला बदनाम करायचं?

वीज जाते तेव्हाची गोष्ट वेगळी. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की राउटर छोट्या यूपीएसवर चालू राहतो, पण स्विच बंद, म्हणजे आतल्या खोलीत सगळं ठप्प. इथे सावध राहा. राउटर बहुतेक १२ व्होल्टचे असतात, हे छोटे स्विच ५ किंवा ९ व्होल्टचे. पिन बसली म्हणून यूपीएसची १२ व्होल्टची वायर स्विचला लावली तर स्विच गेला समजा. माझा अडॅप्टर ५ व्होल्टचा, म्हणून आतल्या खोलीसाठी ५ व्होल्टचं आउटपुट असलेला दुसरा यूपीएस आणला. आता मीटिंगच्या मधे माणसं गायब होत नाहीत, म्हणजे निदान माझ्या बाजूने तरी.

एकदा मात्र अख्ख्या घराचं नेट ढिम्म झालं. वायफायसुद्धा. स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत होते. झालं होतं असं की बाबांना लोंबणारी वायर बघवत नाही. लॅपटॉपची केबल सुटी लोंबत होती, तिचं मोकळं टोक त्यांनी नीटनेटकं त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचून दिलं. साध्या स्विचला हा लूप कळत नाही. एकच संदेश गोल गोल फिरत वाढत जातो आणि राउटरलाही घेऊन बुडतो. टोक उपसलं की क्षणात सगळं सुरळीत. थोडे पैसे जास्त टाकले तर लूप ओळखणारे, ई अक्षर लागलेले एसजी१०८ई सारखे स्विच मिळतात. मी रिकाम्या पोर्टांवर चिकटपट्टी लावली.

जुन्या बाजारात कंपन्यांचे भंगारात काढलेले २४ पोर्टचे स्विच दिसतात, आणि ते बघून हात शिवशिवतो. आणू नका. त्यांचे पंखे झोपायच्या खोलीत सहन होत नाहीत, आणि ३० वॅट खाणारा डबा चोवीस तास चालला तर महिन्याला एकवीस-बावीस युनिट होतात. माझा तीन-चार वॅटमध्ये भागवतो.

तक्रार म्हणाल तर दोन. दिवे रात्री फार डोळ्यांवर येतात, आणि अडॅप्टर एवढा रुंद की एक्स्टेंशन बोर्डावरचा शेजारचा सॉकेट वाया जातो. एप्रिल-मेमध्ये पत्रा हाताला कोमट लागतो, त्याचं काही वाटत नाही, फक्त वर वह्या रचू नका.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज द्यायची असेल तर हा चालणार नाही, पीओई लिहिलेला घ्यावा लागेल. स्वस्त पीओई स्विचचे पोर्ट बरेचदा शंभरचेच असतात. कॅमेऱ्याला ते पुरतात, पण त्याच डब्यावर नॅस टांगू नका.