फिशमील की अळीचं पीठ? शेततळ्यातल्या माशांसाठी

भंडारा-गोंदियाकडे बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, रोहू-कतला-मृगळ सोडणाऱ्याला हा प्रश्न पडायचं कारण नाही. शेणखताने हिरवं झालेलं पाणी, वरून धानाचा कोंडा आणि ढेप, एवढ्यावर ते मासे वाढतात. शेततळ्यात तिलापिया, पंगस किंवा मरळ दाट सोडली की मात्र प्रथिनं कुठून आणायची हे ठरवावं लागतं. फिशमील म्हणजे वाळवलेल्या समुद्री मासळीचं पीठ. ते आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळीचं पीठ, दोन्ही मी वापरली आहेत.

फिशमील कमी लेखू नका. चांगल्या मालात 60 टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, आणि त्या वासाने मासे खाद्यावर तुटून पडतात. तेल न काढलेल्या अळीत प्रथिनं 40 टक्क्यांच्या आसपास, चरबी 30 च्या. समुद्री माशातलं ओमेगा-3 तिच्यात जवळपास नसतंच. मरळीच्या बोटुकल्यांना, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, मी अजून फिशमीलच देतो.

माझं मन उडालं ते रेतीमुळे. समुद्र आपल्यापासून लांब. पोतं इथवर येईस्तोवर त्यात कोणी काय मिसळलं, कळायला मार्ग नाही. एकदा मूठभर माल काचेच्या ग्लासात ढवळून ठेवला, तर तळाला बोटभर रेती बसली. चिमूट जिभेवर ठेवली तर मीठच मीठ. पुढच्या पोत्यात रेती कमी, त्याच्या पुढच्यात पुन्हा जास्त. मग कोंडा किती, ढेप किती, हे प्रमाण बसवायचं कसं? भाव चढा असता तरी मी सोसला असता. दर पोत्याला नवा हिशेब करणं मला झेपेना. त्यात श्रावणात गोळे होऊन बुरशी लागायची ती वेगळीच.

अळीत काय घातलं ते मला माहीत असतं. आठवडी बाजार उठल्यावर उरलेली वांगी-टमाटर, हॉटेलातला शिळा भात. लाकडी पट्ट्यांच्या फटीत माशी अंडी घालते, चारेक दिवसांत ती फुटतात, दोन-तीन आठवड्यांत अळी काढणीला येते. काळी पडायच्या आत काढावी, नंतर कवच जाड होऊन माशांना पचायला जड जातं. उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायची. खाली उरलेला चोथा वावरात खत म्हणून जातो.

त्रास इथेही आहे. चरबीमुळे चक्की चिकटते, म्हणून मी कोंड्यासोबतच दळतो. पावसाळ्यात वाळवण होत नाही, चुलीची धग द्यावी लागते. मे महिन्यात खोकी पत्र्याखाली ठेवली तर अळ्या मरतात. झाडाची सावली आणि ओलं पोतं हवं. थंडीत, ढगाळ दिवसांत माशीचा जोडा लागत नाही, अंडी घटतात.

निम्म्याहून जास्त फिशमील बदलायचं धाडस मी केलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. पण निम्मं बदलून तिलापियाच्या वाढीत मला फरक दिसला नाही. रोज काट्यावर घातले नाहीत, पण जाळं ओढताना वजन हाताला कळतं. जवळ बाजार असेल आणि घरात रोज तासभर देणारं माणूस असेल, तर मी अळीकडेच झुकेन.

पौषातली तूट भरायला एक पोतं फिशमील घरात असतं. ते आलं की आधी ग्लासात ढवळून पाहतो.