डच पोलादी मोटरबोट : एक मोसम वापरल्यानंतर

आइंडहोवनमधल्या आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून वसंत ऋतूत दहा मीटरची सेकंडहँड पोलादी मोटरबोट घेतली. आता ती हिवाळ्यासाठी पाण्याबाहेर काढून ठेवली आहे. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. बोट असते मासब्राख्टला. बोटी बनवणाऱ्या लिन्सन कंपनीचा १९४९ पासूनचा कारखाना याच गावात आहे. कडेने जाड दोर बांधलेल्या त्यांच्या बोटी लांबूनही ओळखू येतात. आमचीही त्याच वळणाची: गडद निळं अंग, गोल पिछाडी, लाकडी चाक.

हा जुना थाट कामाचा किती आणि मिरवायचा किती, हे मोसमभरात बऱ्यापैकी कळलं.

दोर शंभर टक्के कामाचा. मासब्राख्टच्या लॉकमध्ये, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीत नेणाऱ्या दारांच्या हौदात, पाणी जवळपास १२ मीटर चढतं. एका बाजूला शेवाळलेली भिंत, दुसऱ्या बाजूला वाळू वाहणारं अजस्र मालवाहू जहाज. धक्के झेलायला बाजूला लटकवलेल्या हवेच्या उशा, म्हणजे फेंडर, नेमके नको तेव्हा सरकतात; दोर मात्र घासला जातो आणि रंग वाचतो. तसेच उंच कठडे आणि दोन्ही बाजूंच्या रुंद वाटा. सत्तरीतल्या आमच्या सासूबाई मागून थेट नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, कुणाचा हात न धरता जातात.

गोल तळाचं मात्र दुहेरी आहे. रात्री नांगर टाकून झोपलं की खाली पाणी आपटत नाही, पण शेजारून मोठं जहाज गेलं की बोट अशी डुलते की कपात अर्धाच चहा उरतो.

वेगाचं विचारू नका. एवढ्या लांबीची बोट पाणी बाजूला सारत चालते; ताशी १३ किलोमीटरच्या आसपास गेली की पुढे फक्त लाटा आणि डिझेलचं बिल वाढतं. १० च्या वेगाला तासाला साधारण तीन लिटर लागतं. शिवाय १५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० च्या आतल्या बोटीला नेदरलँड्समध्ये परवाना लागत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या नवख्यांना ही मंद चालच सोयीची पडते. रूरमोंडजवळची मासप्लासन ही तळी म्हणजे खडी उपसून झालेले खड्डे, पण पाणी प्रशस्त आणि झाडी दाट. तिथे घाई करायची तरी कशाला?

आता तक्रारी. सागवानी डेक स्क्रूने पोलादावर बसवलंय. स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातं आणि लाकडाखाली गुपचूप गंज धरतो. वरून काही दिसत नाही, सगळं झकास! असं डेक दिसलं की पैसे देण्याआधी तज्ज्ञाकडून पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्याच, तळाची आणि डेकचीही. गडद निळा रंग उन्हात तापतो, त्यामुळे जुलैत आतली केबिन भट्टी होते. आणि वार्निश हा प्रकार निव्वळ हौसेचा. उन्हाळा संपता संपता चाकाच्या कड्यावरचे पापुद्रे निघायला लागले.

दिसायला आजोबांच्या काळची असली तरी नाळेत विजेवर चालणारा थ्रस्टर, म्हणजे बोटीचं टोक बाजूला ढकलणारा छोटा पंखा, आहे. वाऱ्यात धक्क्याला लावताना तोच तारतो. आवाज मिक्सरसारखा, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

सागवान उखडून त्या जागी कृत्रिम पट्ट्या चिकटवायच्या का, यावर मागच्या आठवड्यात तिन्ही घरांत मतदान झालं. दोन घरं उखडा म्हणाली. नको म्हणणारं घर आमचं.