फ्रेम पुसायचा ब्रश, मायक्रोफायबर आणि स्प्रे: काही महिने वापरल्यानंतर

भिंतीवरच्या फ्रेमसाठी तिन्ही गोष्टी एकदमच आणल्या होत्या. आता हाताशी असतो तो ब्रश. कापडं अधूनमधून लागतात. स्प्रेची रवानगी खिडक्या पुसायच्या सामानात झाली आहे.

ब्रश शेळीच्या केसांचा, रुंद आणि अगदी मऊ आहे. कोरीव नक्षीच्या फ्रेमवर कापड फिरवलं की धूळ खाचांत आणखी घट्ट बसते. ब्रशने ती वरून खाली सहज उतरते. खाली व्हॅक्यूमची नळी धरली तर खोलीभर उडतही नाही. एक उणीव आहे: केस आवळून धरणारी पत्र्याची पट्टी उघडी असते आणि नक्षीला लागली की ओरखडा उठतो. तिच्यावर कागदी टेप गुंडाळली की काम भागतं, पण हे बनवणाऱ्यालाच सुचायला हवं होतं. पिसांचा झटकणा मात्र नकोच. मुलाम्याचा पोपडा सुटलेला असेल तर पिसं त्यातच अडकतात.

सोनेरी वर्खाची जुनी फ्रेम असेल तर ब्रशवरच थांबा. खडू आणि सरसाच्या पुटावर पाणी लावून वर्ख बसवायची जुनी पद्धत आहे. अशा फ्रेमवर ओलं कापड फिरलं की वर्ख निघतो आणि त्याखाली लावलेला तांबूस मातीचा थर डोकावतो. ते घरी दुरुस्त होत नाही.

स्प्रेबद्दल माझं मत वाईट आहे, आणि दोष त्यातल्या द्रवापेक्षा फवाऱ्याचा आहे. काचेवर मारलेले थेंब ओघळून खालच्या कडेला साचतात आणि काच व चौकट यांच्या फटीतून आत शोषले जातात. मग माउंटवर, म्हणजे फोटोभोवतीच्या जाड कागदाच्या किनारीवर, पिवळट डाग येतो, कधी बुरशी धरते. चौकट एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीची) असेल तर फुगते. माउंट नसेल तर फोटो काचेलाच टेकलेला असतो, आणि ओल लागली की चिकटतो. तसा चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थरच काचेवर राहतो. स्प्रे वापरायचाच तर आधी कापडावर, तोही फ्रेमपासून लांब उभं राहून.

आणि समोर काच आहे की ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं दिसणारं पारदर्शक प्लास्टिक, हे आधी पाहा. हलक्या बोटाने टकटक करा: काच खणकन वाजते, ॲक्रिलिकचा आवाज बद्द येतो. हाताला ते काचेइतकं गार लागत नाही, आणि त्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं असतं. अमोनिया असलेल्या काचेच्या स्प्रेने ॲक्रिलिक धूसर होतं, बारीक तडेही जातात. कोरड्या कापडाने घासलं तर स्थिर वीज तयार होऊन तेवढीच धूळ परत ओढली जाते, वर ओरखडे पडतात ते वेगळेच. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर पुरतं.

कापडांबद्दल तक्रार नाही. फक्त धुताना सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर बसला की काचेवर रेघा उमटतात.

काच नसलेल्या रंगचित्रावर यातलं कापड किंवा स्प्रे काहीच चालत नाही. रंग कुठे उचकटलेला नसेल तरच कोरडा ब्रश, तोही अलगद. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना मी चिकटणारी रबरी बटणं लावली आहेत. भिंतीपासून थोडी फट राहते, हवा खेळते, आणि पुसताना फ्रेम हलून भिंतीवर काळी रेघ पडायची तीही थांबली.