बॅश की पायथन: ऑगस्टमध्ये अडलेल्या एका स्क्रिप्टच्या निमित्ताने

बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथे शाखा असलेल्या एका सहकारी सोसायटीचे सर्व्हर मी सांभाळतो. बॅकअप घेणे, जुन्या लॉगची (सर्व्हरने ठेवलेल्या नोंदींची) छाटणी करणे, डिस्क भरत आली की कळवणे, स्कॅन केलेले कागद महिन्याप्रमाणे लावून ठेवणे, ही कामे स्क्रिप्टवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलवर, सोपवावीत याबद्दल दुमत नसते; स्क्रिप्ट बॅशमध्ये (लिनक्सच्या टर्मिनलवरील आज्ञांची भाषा) लिहावी की पायथनमध्ये (सर्वसाधारण प्रोग्रॅमिंगची भाषा), एवढाच प्रश्न उरतो. मी दोन्हींत पुरेशा चुका केल्या आहेत, म्हणून हा आढावा. काउंटरवरच्या विंडोज संगणकांचा आणि त्यांच्या पॉवरशेल या आज्ञा-भाषेचा विषय येथे घेतलेला नाही.

बॅशची बाजू आधी मांडणे न्याय्य ठरेल. ते बहुतेक सगळ्या लिनक्स सर्व्हरवर आयते मिळते, आणि एका आज्ञेचे उत्तर दुसरीकडे ढकलायचे असेल, तर त्याच्या पाच ओळींचे काम पायथनमध्ये सहज वीस ओळींचे होते. टर्मिनलवर हाताने चालवून पाहिलेली आज्ञा तशीच फाइलमध्ये चिकटवली की स्क्रिप्ट तयार, ही सोय पायथनकडे नाही. खानापूरच्या जुन्या मशिनवर सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती होती आणि त्यात मुळात बसवलेले पायथन २.७ होते, ज्याचा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजीच संपला होता. तेथे बॅशने मला बरीच वर्षे तारून नेले.

माझे मत फिरले ते एका शून्यामुळे. दर महिन्याच्या १ तारखेला मागच्या महिन्याचे फोल्डर टारमध्ये (अनेक फायलींची एक फाइल करणाऱ्या साधनाने) बांधून दुसऱ्या मशिनवर पाठवणारी बॅश स्क्रिप्ट मी एका डिसेंबरात लिहिली होती. चालू महिन्याचा दोन अंकी क्रमांक (ऑगस्टसाठी ०८) घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा आणि फोल्डरचे नाव बनवायचे, इतके साधे गणित होते; जानेवारीत उत्तर शून्य येईल आणि वर्षही मागे न्यावे लागेल, हे आधीच ओळखून तशी सोय केल्याचा मला थोडा अभिमानही होता. जुलैपर्यंत सगळे सुरळीत चालले. मात्र गणपतीच्या सुट्टीनंतर कोणाला तरी जुलैमधला एक कागद हवा झाला, तेव्हा बॅकअपच्या मशिनवर नावाच्या शेवटी ‘००’ असलेली, जेमतेम काही बाइटची आणि आत काहीच नसलेली फाइल मिळाली. सप्टेंबरच्या १ तारखेलाही तेच घडले होते.

कारण असे, की बॅशच्या गणितात शून्याने सुरू होणारा अंक अष्टमान पद्धतीचा (फक्त ० ते ७ हे अंक वापरणाऱ्या पद्धतीचा) धरला जातो. ०१ ते ०७ तेथेही तेच राहतात, म्हणून सात महिने काहीच जाणवत नाही. ०८ आणि ०९ मात्र त्या पद्धतीत असूच शकत नाहीत. बॅशने चूक नोंदवली, तेवढी ओळ सोडून दिली आणि पुढच्या ओळीवर गेले; महिन्याची जागा रिकामी राहिली आणि पुढे दोन अंकी छापताना त्या रिकाम्या जागेचे ‘००’ झाले. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनने ही चूक कळवणारी मेल पाठवली होती, पण ती सर्व्हरवरच्या ज्या पेटीत जाऊन पडली ती मी कधी उघडत नसे; हा दोष अर्थात माझाच. ऑक्टोबरमध्ये १० आल्यावर ही स्क्रिप्ट आपोआप ‘बरी’ झाली असती, हे मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटले.

उपाय बॅशमध्येही आहे, अंकाच्या आधी ‘१०#’ लावले की तो दशमान धरला जातो. पण तो ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्याच कामाचा. पायथनमध्ये ‘०८’ या मजकुराचा अंक केला तर निमूटपणे आठ मिळतात, आणि प्रोग्रॅममध्येच थेट ०८ लिहिले तर ती स्क्रिप्ट सुरूच होत नाही. चालू महिन्याच्या १ तारखेतून एक दिवस वजा केला की मागचा महिना वर्षासकट हाती येतो. शिवाय चूक झाली की पायथन थांबते आणि ओळ क्रमांक सांगते.

आमच्या भागापुरते एक कारण आणखी आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलून बेळगावी झाले, आणि आमच्या सर्व्हरवर ‘बेलगाम’ नावाची जुनी इंग्रजी फोल्डरे, ‘बेळगावी’ नावाची नवी, शिवाय कर्मचाऱ्यांनी मराठीत किंवा कन्नडमध्ये नाव देऊन केलेली, अशी सगळी एकत्र नांदतात, त्यांतील निम्म्यांच्या नावात रिकाम्या जागाही असतात. अशी नावे एका शाखेखाली आणण्याचे काम पायथनच्या एका कोशात (कोणत्या नावाऐवजी कोणते नाव घ्यायचे, याच्या यादीत) होते. बॅशमध्येही ते जमते, परंतु एखादे अवतरणचिन्ह राहून गेले की ‘खानापूर शाखा’ या एका फोल्डरची दोन होतात.

पायथन घेतलेच, तर बाहेरची पॅकेजे शक्यतो टाळावीत, असे सुचवतो. डेबियन या लिनक्सच्या १२व्या आवृत्तीपासून, पॅकेजे बसवणारे पिप हे साधन सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवायला सरळ नकार देते, आणि आपल्या कामांना पायथनसोबत येणारी साधने बहुधा पुरतात. ज्या स्क्रिप्टमध्ये तारीख, बेरीज-वजाबाकी किंवा माणसांनी दिलेली नावे येतात, ती मी आता पायथनमध्येच लिहितो. डिस्क ऐंशी टक्के भरली की मेल पाठवणारी सहा ओळींची बॅश स्क्रिप्ट मात्र तिन्ही शाखांत अजून तशीच चालू आहे. तिची मेल आता माझ्या फोनवर येते.